कारंज्यासाठी तीन गल्ल्या

कारंजं सुरू व्हायला अडीच तास उरले होते आणि आत्याचा एक बूट सापडत नव्हता.

"डावा की उजवा?" भोंगानं पलंगाखालून विचारलं. भोंगा म्हणजे मेंबरांची मुलगी. वय पंधरा, आवाज पंचेचाळीस.

"सापडेल तो," आत्या म्हणाली. "सापडला की कळेलच कोणता हरवला होता ते."

आजचा दिवस आत्याचा होता. बावीस वर्षं रोजंदारीवर गल्ल्यांचं पाणी सोडणारी चावीवाली आज साडेपाच वाजता, भर चौकात, स्टेजवर 'कायम' होणार होती. तिचे वडील अण्णा या कामावरून निवृत्त झाले तेव्हा खांद्याएवढी उंच लोखंडी चावी खरं तर धाकट्या भावाकडे जायची, पण भावानं चावीऐवजी माइक धरला, निवडून आला आणि गावाचा मेंबर झाला. चावी बहिणीकडे आली. तेव्हापासून ती रोज चेंबरचं झाकण उचलते, भोकात चावी घालते आणि फेरे मोजत व्हॉल्व्ह फिरवते. रजा नाही, आजारपण नाही. एका दिवसाचा पगार म्हणजे एकच दिवसाचा.

वहिनीनं तिचा खाकी कोट आपल्या लाँड्रीत तीन वेळा इस्त्री केला होता. कोट इतका कडक झाला होता की एकटाच स्टेजवर जाऊन पत्र घेऊन आला असता.

"वहिनी, हात वर होत नाहीये गं माझा."

"वर कशाला करायचाय? पुढे करा. पत्र घ्यायचंय, शरण जायचं नाहीये."

भोंगा पलंगाखालीच खिदळली आणि तिचं डोकं फळीला आपटलं. नेमके तेव्हाच मेंबर धावत आत आले. पांढरेशुभ्र कपडे, पाठीला चिकटलेले. तोंड असं, की आपण हरलो हे त्यांना मतदानाच्या आदल्या दिवशीच कळलंय.

"ताई, चावी कुठेय?"

"दारामागे. का रे बाब्या?"

"कारंजं उठत नाहीये."

"झोपू दे मग," अण्णा आरामखुर्चीतून म्हणाले. अण्णांचं वय ब्याऐंशी. त्यांना जे ऐकू यायला नको ते सगळं स्वच्छ ऐकू यायचं.

मेंबरांनी पाणी मागितलं, प्यायले, ग्लास भोंगाच्या हातात दिला, परत घेतला, परत दिला. मग एका दमात सगळं सांगितलं. दुपारी चाचणी झाली. बटण दाबलं. संगीत लागलं, बारा रंगांचे दिवे लागले आणि पाणी उडालं... त्यांनी हात गुडघ्याशी धरला. "एवढं! प्रेशरच नाही. पाणी खात्याचे साहेब म्हणतात, चौथी, पाचवी आणि सहावी गल्ली पाच ते सात बंद ठेवली तर दोन मजले उडेल."

"पाच ते सात त्यांची पाण्याची वेळ आहे," आत्या म्हणाली.

"माहितेय."

"दिवसाआड दोन तास येतं त्यांना. आज गेलं की एकदम परवा."

"एकच दिवस, ताई. पाहुणे गेले की सोड."

वहिनीनं इस्त्री उभी केली. ती इस्त्री उभी करते तेव्हा घरात कुणीतरी बसतं. मेंबर बसले.

"पाचव्या गल्लीत माझी लाँड्री आहे हे लक्षात आहे का मेंबरांच्या? दवाखान्याचे अठरा पांढरे कोट साबणात भिजलेत. उद्या डॉक्टर काय फेस बाजूला करून पेशंट तपासणार?"

"अगं, एक दिवस..."

"तुमचा एक दिवस आणि माझे अठरा कोट!"

"आणि ते टाकीचे पैसे होते," भोंगा म्हणाली. हे तिनं तिच्या हळू आवाजात म्हटलं, म्हणजे शेजारच्या दोनच घरांना ऐकू गेलं. "दोन वर्षांपूर्वी टाकी मंजूर झाली होती ना बाबा? साडेतीन कोटी. त्याचं कारंजं झालं. आणि आता त्या कारंज्याला प्यायला आमच्याच गल्ल्यांचं पाणी!"

गेला महिनाभर गावातल्या प्रत्येक भिंतीवर खडूनं एक टाकी काढलेली दिसत होती. निवृत्त ड्रॉइंग मास्तरांचं काम. खाली एकच ओळ : 'टाकी कुठे आहे?' मेंबरांच्या फाटकावर काढलेली टाकी तर इतकी सुबक होती, शेडिंग वगैरे करून, की ती पुसायला गेलेल्या वहिनीनं फडकं तसंच परत आणलं होतं.

"आणि अभ्यासदौरा?" भोंगाला आता उतार लागला होता. "अकरा मेंबर, नऊ दिवस, त्रेचाळीस कारंजी! मी त्रेचाळीस पानं वाचली तरी परीक्षा होते माझी. तुमची कोण घेणार?"

"तुझ्या पायात काय आहे?" मेंबरांनी शांतपणे विचारलं.

भोंगानं खाली पाहिलं. निळे, पट्ट्यापट्ट्यांचे, उड्या मारायला लावणारे बूट. अभ्यासदौऱ्यातून आलेले. वहिनीच्या कानामागे त्याच दौऱ्याचं अत्तर होतं. अण्णांच्या काठीच्या मुठीत विजेरी होती. दारामागे चावीशेजारी आत्याचा रेनकोट लटकत होता, दोन्ही बाजूंनी घालता येणारा, मेंबरांसारखा. सगळ्यांनी एकदम आपापली वस्तू पाहिली आणि घरात अशी शांतता झाली की पलंगाखालचा बूटसुद्धा स्वतःहून बाहेर येईल असं वाटलं.

मग मेंबरांनी शेवटचं सांगितलं. हे त्यांना सांगायचं नव्हतं, ते त्यांच्या मानेवरून दिसत होतं.

"साहेब म्हणाले, कारंजं उडालं तर आज पत्र. नाही उडालं तर पुढच्या वर्षी बघू."

वहिनीनं आत्याकडे पाहिलं. कोटाच्या कडक बाहीतून बाहेर आलेल्या मनगटाकडे पाहिलं. उजवं मनगट डाव्यापेक्षा जाड झालं होतं, बावीस वर्षं फेरे घालून.

"कोटांचं मी बघते," ती म्हणाली. "ताई, करा बंद."

"आई! तू आत्ता तर..."

"मी आत्ता बायको म्हणून बोलत होते. आता वहिनी म्हणून बोलतेय. तू बूट शोध."

"चौथीला सव्वीस, पाचवीला सव्वीस, सहावीला एकतीस फेरे," अण्णा डोळे मिटून म्हणाले. ते कुणाच्या बाजूनं होते हे यावरून कळायला मार्ग नव्हता.

आत्यानं दारामागच्या चावीकडे पाहिलं. चौथ्या गल्लीतलं कुणाचं पिंप किती मोठं, सहावीत कुणाकडे तान्हं बाळ, हे तिला आपल्या हातावरच्या रेषांसारखं माहीत होतं. पण 'पुढच्या वर्षी बघू' हेही तिला माहीत होतं. बावीस वेळा पाहिलं होतं तिनं.

"करते," ती म्हणाली.

मेंबर निघाले ते हलके होऊन. जाताना त्यांनी 'गुपचूप कर' असं काही सांगितलं नाही. असलं काम कुणी ओरडून करतं का? ते त्याच घरात वाढले होते, पण चावी त्यांनी कधी हातात धरली नव्हती. त्यामुळे एक गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नाही.

पाचला दहा कमी असताना आत्या चौथ्या गल्लीच्या तोंडाशी पोचली. खांद्यावर चावी, शेजारी भोंगा, पायात दोन्ही बूट (हरवलेला डावाच निघाला). तिनं चावी भिंतीला टेकवली, घसा खाकरला आणि गेली बावीस वर्षं करते तेच केलं.

"पाणी बंद होतंय होऽऽ! पाच ते साऽऽत!"

सांगितल्याशिवाय पाणी बंद करायचं नाही, ही अण्णांची रीत. तरुणपणी एकदा त्यांनी न सांगता व्हॉल्व्ह फिरवला होता. एका घरात अर्धं न्हायलेलं पोर डोळ्यांत साबण जाऊन बोंबलत राहिलं. अण्णांनी त्या दिवशी अकरा घरांना खांद्यावरून पाणी वाहिलं आणि संध्याकाळी नियम केला : आधी वेळ सांगायची, मग कारण सांगायचं, मगच चावी लावायची. खात्याच्या कुठल्याही कागदावर हा नियम नव्हता. या घराबाहेर तो कुणाला नियम वाटतही नव्हता. गल्लीला तो फक्त आत्याचा आवाज वाटायचा.

वेळ सांगून झाली. आता कारण.

आत्या थांबली. पाइप फुटला, जुनी टाकी धुताहेत, कुठे आग लागली, अशी कारणं तिनं हजारदा सांगितली होती. 'दुरुस्ती' म्हटलं असतं तर काम झालं असतं. शब्द ओठांपर्यंत आलाही. पण चेंबरवर उभं राहून ती आजवर खोटं बोललेली नव्हती, आणि नवीन काम असं ऐन वेळी जमत नाही.

"कारंज्यासाठी होऽऽ!" आत्या ओरडली. आणि झाकण उचलायला वाकली.

वर एक खिडकी उघडली. मग दुसरी. मग सलूनचं दार.

"कशासाठी?" सलूनवाल्यानं विचारलं. त्याच्या हातात वस्तरा होता. मागे खुर्चीत एक गिऱ्हाईक, अर्धा गाल साफ, अर्ध्यावर फेस.

"कारंज्यासाठी," आत्या म्हणाली. "चौकातल्या."

"म्हणजे आमचं पाणी तिकडे उडणार?"

"हो. वर जाईल, खाली येईल, परत वर जाईल."

"आणि आमच्याकडे कधी येईल?"

"परवा."

पहिल्या मजल्यावरून एक बाई कमरेपर्यंत बाहेर आली. डोकं काळंकुट्ट, चकचकीत, वर प्लॅस्टिकची पिशवी. "अहो, मी आत्ता केसांना रंग लावलाय! पाऊण तासानं धुवायचाय! परवा धुतला तर कपाळसुद्धा काळं होईल माझं!"

"तुमच्यावर राग नाही हो आमचा," सलूनवाला आत्याला म्हणाला आणि वस्तरा खिशात घालून त्यानं झाकण बाजूला करायला हात लावला. "तुम्ही सांगून तरी करता. मोजा फेरे."

सव्वीस फेरे झाले. आत्याला वाटलं, व्हॉल्व्ह आज जड लागतोय.

पाचव्या गल्लीत तिचा घसा बसला. "आत्या, मी?" भोंगानं विचारलं, आणि आत्यानं नुसती मान हलवली. भोंगानं छाती भरून घेतली. शाळेत सगळे तिला गप्प बस, गप्प बस म्हणत आले होते. आज तिला पहिल्यांदा कुणीतरी आवाज मागितला होता.

"पाणी बंद होतंय होऽऽऽ! पाच ते साऽऽत! कारंज्यासाठीऽऽऽ!"

पाचवी गल्ली उघडली, सहावी उघडली, आणि सातवी, जिचा काही संबंध नव्हता, तीसुद्धा उघडली. ड्रॉइंग मास्तर खडूनं पांढरी झालेली बोटं घेऊन बाहेर आले. त्यांनी नीट ऐकून घेतलं, घरात गेले आणि बादली घेऊन परत आले.

"कुठे निघालात मास्तर?"

"पाणी भरायला," मास्तर म्हणाले. "पाणी जिथे आहे तिथे."

चौकात पहिल्या रांगेत वहिनी बसली होती, मेंबरची बायको म्हणून मिळालेल्या गादीच्या खुर्चीत. शेजारी अण्णा. स्टेजवर अकरा मेंबर, पाणी खात्याचे साहेब आणि मध्ये पाहुणे. पाहुणे इतके मोठे होते की त्यांचा आधी सत्कार करायचा की त्यांना आधी बसू द्यायचं यावरच दहा मिनिटं गेली. मग आत्याला बोलावलं. ती धापा टाकत, कडक कोटात चढली. पाहुण्यांनी पाकीट दिलं, साहेबांनी पोच म्हणून वहीवर तिची सही घेतली, फोटो निघाला. वहिनीनं टाळ्या वाजवताना डोळे पुसले, त्यामुळे टाळ्या एकाच हातानं वाजल्या.

मग पाहुण्यांनी बटण दाबलं.

काय उडालं कारंजं! दोन मजले सांगितले होते, अडीच गेलं. लाल, हिरवं, जांभळं, संगीतावर डुलणारं. लोकांच्या तोंडून 'आऽऽ' निघालं. वहिनीच्याही निघालं. सुंदर होतं ते, खोटं का बोला.

"चौथी आणि पाचवी बंद केलेली दिसतेय," अण्णा मान वर करून म्हणाले. अख्ख्या पहिल्या रांगेला ऐकू आलं. "थांब. एवढं उंच? सहावीसुद्धा!"

"अण्णा, हळू!"

"हळूच बोलतोय. सहावीत तान्हं बाळ आहे ना गं?"

आणि तेवढ्यात चौकाच्या तीन तोंडांतून माणसं आली.

ती ओरडत आली असती तर पोलिसांना सोपं गेलं असतं. ती रांगेनं आली. पुढे मास्तर, बादलीसह. मागे कॅन, टब, कुकर, एक माशांची रिकामी काचपेटी आणि दोघांनी धरलेलं एक अख्खं पिंप. मास्तरांनी कारंज्याच्या कठड्यावर बादली ठेवली, ती जांभळ्या पाण्यानं भरली आणि ते बाजूला झाले. "पुढचे!" पुढची होती रंगवाली बाई. तिनं पिशवी काढली आणि डोकं सरळ हिरव्या फवाऱ्याखाली घातलं. सलूनवाल्यानं गिऱ्हाईकाला खुर्चीसकट आणलं होतं. तो तिथेच उरलेला गाल उरकायला लागला.

"हा लोकांचा उत्साह!" पाहुणे माइकवर म्हणाले.

लोक हसले. हसणं एका रांगेतून दुसऱ्या रांगेत गेलं आणि परत येताना त्याचा सूर बदलला होता. कुणीतरी रिकामा डबा वाजवला. "टाकी कुठेय?" दुसऱ्यानं डबा वाजवला. "टाकी कुठेय?" आता शंभर डबे वाजत होते, आणि संगीतावर डुलणारं कारंजं गोंधळून डब्यांच्या तालावर डुलल्यासारखं दिसत होतं.

वहिनी उठली. गादीच्या खुर्चीवर तिनं पर्स ठेवली, लाँड्रीत गेली आणि साबणातल्या अठरा कोटांची टोपली घेऊन आली. चांगले कपडे गुडघ्यांच्या वर खोचून ती कारंज्यात उतरली आणि पहिला कोट खळबळून काढला. तो गुलाबी दिसला, मग निळा, मग पिवळा. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

स्टेजवर मेंबरांच्या हातात माइक आला होता. म्हणजे बाकीच्या दहांनी तो हळूहळू सरकवत त्यांच्यापर्यंत आणला होता.

"दुरुस्तीसाठी पाणी बंद होतं, लोकांचा गैरसमज झाला, असं सांगा," साहेब कुजबुजले. "आणि टाकी प्रस्तावित आहे."

मेंबरांनी तोंड उघडलं. समोर बायको गुडघाभर पाण्यात उभी होती आणि त्यांच्याकडे बघत कोट पिळत होती. त्या पिळण्यात त्यांना आपली मान दिसली. कठड्यावर निळ्या बुटांत भोंगा उभी होती. आणि बाजूला ताई, पाकीट छातीशी धरून. आपण आज हिच्याकडून काय करून घेतलं, हे त्यांना आता दिसलं. अडीच मजले उंच दिसलं.

"टाकी कुठे आहे?" मास्तरांनी विचारलं. शांतपणे, वर्गात विचारावं तसं.

"टाकी..." मेंबर म्हणाले. "टाकी तुमच्यासमोर नाचतेय."

डबे थांबले.

"टाकीचे पैसे कारंज्याला वळवायचा ठराव झाला. त्यावर अकरा सह्या आहेत. नववी माझी आहे." एकदा सुरुवात झाल्यावर त्यांना थांबताच येईना. "दौऱ्यालाही मी गेलो होतो. त्रेचाळीस कारंजी पाहिली. खरं सांगायचं तर छत्तीस. नंतर बसमध्ये झोपलो."

"तिकडे टाक्या नव्हत्या का?" रंगवाली बाई डोकं पुसत ओरडली.

"असतील. कार्यक्रमात नव्हत्या."

चौक असा हसला की पाहुण्यांच्या गाडीचा अलार्म वाजला.

"उरलेल्या दहा सह्या कुठायत?" मास्तरांनी विचारलं.

"माझ्या मागे बसल्यात."

सगळा गाव एकदम मागे बघायला लागला. दहा मेंबरांपैकी चौघांना बुटाची नाडी बांधायची आठवण झाली, दोघांना फोन आला, आणि एक नुसताच टाळ्या वाजवत बसला. पाहुणे पुढच्या कार्यक्रमाला उशीर होतोय असं म्हणत उतरले. त्यांना कुणी अडवलं नाही. फक्त रांगेतल्या प्रत्येकानं त्यांना आपली बादली वाकून दाखवली.

साहेबांचा चेहरा कारंज्याच्या सगळ्या रंगांतून जाऊन शेवटी लाल रंगावर थांबला होता.

"बाई, गल्लीत बोंब कुणी मारली?"

"मी," आत्या म्हणाली.

"पण सांगायला कुणी सांगितलं होतं?"

"न सांगता पाणी कसं बंद करायचं?" आत्याला खरंच कळेना.

"ठीक आहे. गल्ल्यांचं पाणी आता कंत्राटदार सोडणार. चावी एक तारखेला त्याच्याकडे जमा करायची. पत्रात लिहिलंय. वाचलं नाहीत?"

आत्यानं पाकीट उघडलंच नव्हतं. भोंगा कठड्यावरून उडी मारून स्टेजवर आली, तिनं ते घेतलं, फोडलं आणि वाचलं. तिला माइकची गरज नव्हती, पण तो जवळच होता.

"'आपली नियुक्ती कारंजे परिचालक या पदावर कायम स्वरूपात करण्यात येत आहे...' आत्या, हे काय? तुला कारंज्यावर बसवलंय!"

आत्यानं भावाकडे पाहिलं. "बाब्या, तुला माहीत होतं?"

"जागा एवढीच निघाली होती, ताई." मेंबरांचा आवाज माइकपासून लांब गेला होता. "म्हटलं, बसून काम आहे. सावली आहे. तुझे गुडघे..."

"विचारायचं होतंस रे."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणूनच विचारायचं होतंस."

ती एवढंच बोलली. पण वहिनीनं हातातला कोट खाली ठेवला आणि अण्णांनी काठीची विजेरी उगाचच लावून बंद केली. बावीस वर्षांची चावी आणि तीन गल्ल्यांचं पाणी देऊन आत्यानं काय घेतलं होतं? बारा दिव्यांच्या एका बटणाशेजारी कायमचं स्टूल. भोंगाला रडू यायला लागलं, म्हणून ती पुढे मोठ्यानं वाचत सुटली, रडू मागे पडावं म्हणून.

"'परिचालकाने पाण्याची उपलब्धता पाहून कारंजे चालू अथवा बंद ठेवावे...'"

"थांब," आत्या म्हणाली. "परत वाच."

भोंगानं परत वाचलं. मास्तरांनी स्टेजपाशी येऊन, चष्मा लावून खात्री केली आणि मान डोलावली.

"साहेब," आत्यानं विचारलं, "पाणी आहे की नाही हे मी बघायचं?"

"हो, पण वेळापत्रकानुसार..."

"वेळापत्रकाचं नाही लिहिलेलं यात," भोंगा म्हणाली.

आत्या स्टेजवरून उतरली. कडक कोटात चालताना ती जरा कपाटासारखी दिसत होती, आणि लोक कपाटाला देतात तशी वाट देत होते. ती बटणापाशी गेली. रांग बघितली. अजून पन्नासेक भांडी रिकामी होती, आणि घड्याळात सहा वाजले होते. म्हणजे गल्ल्यांच्या वेळेतला एक तास अजून शिल्लक होता.

"उपलब्धता नाही," ती म्हणाली, आणि तिनं कारंजं बंद केलं.

अडीच मजले पाणी एकदम खाली आलं. वहिनी नखशिखांत भिजली आणि किंचाळून हसायला लागली. संगीत मात्र तसंच वाजत राहिलं, कारण त्याचं बटण वेगळं होतं.

"मी तुम्हाला कारणे दाखवा नोटीस काढीन!" साहेब ओरडले. "चौकशी लावीन!"

आत्या वळली. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडत होतं. कालपर्यंत साहेब नुसतं 'उद्यापासून येऊ नका' म्हणाले असते आणि तेवढ्यावर विषय संपला असता.

"नोटीस काढावी लागेल?" तिनं विचारलं. "लेखी?"

"लेखीच!"

"आणि मी लेखी उत्तर द्यायचं? कारंज्याला पाणी का नव्हतं, टाकी का नव्हती, सगळं? आणि ते तुम्हाला फायलीत ठेवावं लागेल?"

मास्तर म्हणाले, "उत्तर मी लिहून देतो, बाई. चित्रासहित."

"काढा साहेब," आत्या म्हणाली. तिला हसू आवरेना. "जरूर काढा. मी कायम आहे."

हे वाक्य चौकात तीन वेळा फिरलं, डब्यांसकट. तोवर आत्या चावी घेऊन चौथ्या गल्लीच्या तोंडाशी पोचलीसुद्धा होती. मागे पावलं वाजली. मेंबर होते. पांढऱ्या कपड्यांची वाट लागलेली. चेंबरपाशी येऊन ते उभे राहिले. नुसते उभे राहिले.

आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं. राग होता, तो काही एका संध्याकाळीत जाणार नव्हता. पण गल्लीत माणसं भांडी मांडून दारात उभी होती.

"बघतोस काय, मेंबर? उचल झाकण."

मेंबर वाकले.

"कंबरेतून नाही रे," ती म्हणाली. "गुडघ्यातून."